चिमणराव, गुंड्याभाऊ आणि भित्रा माणूस



कामगार संघटनेत काम करणाऱ्या माणसाला व्याख्यानाला बोलाविले म्हणजे तो किमान वेतन, बोनस आणि भविष्य निर्वाह निधी यांवर बोलणार, असे सगळेच धरून चालतात. चालकांनीही तसेच धरले असावे. आम्ही विषय कळविला तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. विनोदी नटांवर बोलावयाचे, आणि तेही चळवळीतल्या माणसाने, हे त्यांना जरा चमत्कारिक वाटले. आम्ही त्यांना म्हणालो, की एवढी सूट आम्हांस द्या. शेवटी आम्ही आमच्याच विषयावर येऊन पोहोचू.

निमित्त असे घडले. ऑगस्ट २०२५ मध्ये, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, बाळ कर्वे गेले. मुंबई दूरदर्शनच्या आरंभीच्या काळातला हा नट. महाराष्ट्र त्यांना गुंड्याभाऊ या नावाने ओळखत होता. वर्तमानपत्रात बातमी आली त्या दिवशी आमच्या संघटनेच्या कचेरीत पाच-सात माणसे बसली होती. तरुण पोरांनी विचारले, हे कोण? साठी उलटलेल्या एका हमालाने उत्तर दिले, "सोटा घेऊन हिंडायचा, तो." आणि तो आपल्याशीच हसला. त्या हसण्याने आम्ही विचारात पडलो. त्याने ती मालिका जालन्यात पाहिली असणे शक्यच नव्हते. मग गुंड्याभाऊ त्याच्यापर्यंत पोहोचला कसा, आणि इतकी वर्षे त्याच्याजवळ टिकला का? आजचे व्याख्यान या प्रश्नातून निघाले आहे.

प्रथम मूळ पुरुषाविषयी दोन शब्द. चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांना जन्म दिला तो चिंतामण विनायक जोशी यांनी. १८९२ साली पुण्यात त्यांचा जन्म झाला. 'एरंडाचे गुऱ्हाळ', 'चिमणरावांचे चऱ्हाट', 'वायफळाचा मळा' ही त्यांची पुस्तके १९३० नंतरच्या दशकात निघाली आणि घराघरांत वाचली गेली. परंतु हा मनुष्य पोटापाण्याने विनोदी लेखक नव्हता. तो पाली भाषेचा पंडित होता. धर्मानंद कोसंबींपाशी तो पाली शिकला, बडोद्यास त्याने पाली शिकविली, आणि तेथल्या संस्थानचे दप्तरही सांभाळले. जातकातल्या गोष्टी त्याने मराठीत आणल्या आणि गौतम बुद्धाचे चरित्र लिहिले. आमच्या संघटनेतल्या अनेकांच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर असते. चिमणरावांचा बाप हाच मनुष्य, असे सांगितले म्हणजे त्यांना नवल वाटते. आम्हांस नवल वाटत नाही. जातकातल्या गोष्टींतही माकडे, कावळे, कासवे आणि लोभी माणसे फजीत होतात. तेथे फजितीचा शेवट तिरस्कारात होत नाही, शहाणपणात होतो. ज्याने आयुष्यभर त्या गोष्टी वाचल्या, त्याला मनुष्याच्या दुबळेपणाचा राग येईनासा होणे साहजिक आहे.

चि. विं.च्या आधी मराठी विनोदाची मोठी घराणी होऊन गेली होती. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, त्यांच्या मागून गडकरी. त्यांचा विनोद बुद्धीचा, कोटीचा, शब्दांच्या आतषबाजीचा. शिकल्यासवरल्या माणसाला त्याची गोडी अधिक. चि. विं.नी विनोद माजघरात आणून बसविला. चिमणराव जोग हा पुण्यातला साधा कारकून. घरी बायको काऊ, मुले, आणि संसाराच्या न संपणाऱ्या विवंचना. पगार तुटपुंजा, साहेबाची धास्ती कायमची. सोबतीला मावसभाऊ म्हणावा की सखाभाऊ म्हणावा असा गुंड्याभाऊ दांडगे. अंगाने आडदांड, हातात सोटा, बोलणे तोडून टाकल्यासारखे. चिमणराव बेत करतो, गुंड्याभाऊ तो अमलात आणावयास निघतो, आणि दोघे मिळून फसतात. एवढाच मालमसाला. परंतु चिमणराव ही सगळी हकीकत स्वतः सांगतो, आणि आपण किती घाबरलो हे तो लपवीत नाही. या एका गोष्टीकडे आपण लक्ष द्यावे, अशी आमची विनंती आहे. मराठीतला पुरुष आपण भितो असे सहसा चारचौघांत कबूल करीत नाही. चिमणरावाने ते कबूल केले आणि त्यासाठी त्याला कोणी दूर लोटले नाही.

पुढे हे दोघे पडद्यावर आले. १९४० साली मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेल्या 'लग्न पहावे करून' या बोलपटात दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. दामुअण्णांचा तिरळा डोळा पडद्यावर दिसला की प्रेक्षागृह हसू लागे, अशी त्यांची ख्याती होती. १९६३ साली चि. वि. वारले. मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. म्हणजे आपली माणसे ज्या पेटीतून घरोघर जाणार होती, ती पेटी मुंबईत चालू झालेली चि. विं.नी पाहिलीच नाही.

त्या आरंभीच्या दूरदर्शनविषयी आजच्या मुलांना सांगावे लागते. एकच वाहिनी, तीही काही तासांची, आणि चित्र काळे-पांढरे. संच बाळगावयाचा तर वर्षाचा परवाना काढावा लागे. चाळीत एकाच्या घरी संच असे आणि साऱ्या मजल्याच्या चपला त्याच्या दाराशी. विनायक चासकर 'गजरा' नावाचा कार्यक्रम करीत. त्यातल्या छोट्या छोट्या प्रहसनांनी मराठी प्रेक्षकाला घरात बसून नाटक पाहण्याची सवय लावली. याच केंद्रावर, १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात, याकूब सईद आणि विजया जोगळेकर यांनी चिमणराव-गुंड्याभाऊ उभे केले. चिमणराव झाले दिलीप प्रभावळकर. १९४४ सालचा जन्म, म्हणजे तेव्हा तिशी नुकतीच ओलांडलेली. गुंड्याभाऊ झाले बाळ कर्वे. ते मुंबई महानगरपालिकेत नोकरी करीत आणि नोकरी सांभाळून नाटक करीत. विलेपार्ल्याच्या हौशी रंगभूमीत त्यांची उमेदवारी झालेली. कारकुनाची गोष्ट, आणि ती सांगणाऱ्यांत नोकरीची वेळ पाळणारा मनुष्य. लोकांना ती खोटी वाटली नाही, यात आश्चर्य नाही. १९७९ साली याच जोडीचा चित्रपटही निघाला.

दूरदर्शनवरचा विनोद आणि नाटकातला विनोद यांत काय फरक आहे, हे समजून घेतले पाहिजे. नाटकातला नट शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी हात उंच उचलतो, आवाज चढवितो. दूरदर्शनचा कॅमेरा हातभर अंतरावर असतो. तेथे हात उंचावला तर तो चौकटीबाहेर जातो. तेथे पापणी लवते तीही दिसते, घसा कोरडा पडतो तोही दिसतो. भीती ही मोठी बारीक गोष्ट आहे. साहेबाने नाव घेतले की कारकुनाचे खांदे बोटभर खाली जातात. रंगमंचावर ते कोणाला दिसणार? परंतु त्या छोट्या पेटीत ते दिसले. प्रभावळकरांनी चिमणराव मोठा केला नाही. त्यांनी तो लहान केला, इतका लहान, की तो खोलीत आपल्या शेजारी येऊन बसला. आणि कर्व्यांचा गुंड्याभाऊ त्याच्या मागे भिंतीसारखा उभा. एकाची भीती आणि दुसऱ्याची खुमखुमी एकमेकांना धरून असत. पुढे आम्हांस त्या मालिकेतले जे थोडे पाहावयास मिळाले, त्यात आम्ही हेच पाहिले.

हे सगळे मुंबई-पुण्यात चालले होते, तेव्हा आमचा मराठवाडा कोठे होता? १९७५-७६ साली उपग्रहाच्या साहाय्याने खेड्यांत दूरचित्रवाणी दाखविण्याचा वर्षभराचा प्रयोग झाला, त्यात आमच्या हद्दीपलीकडचे गुलबर्गा, रायचूर, विजापूर हे जिल्हे होते. आम्ही नव्हतो. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. १९८४ साली देशभर कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रे धडाधड उघडली गेली. मध्यंतरी तर रोज एक केंद्र, असा वेग होता. तेव्हा आम्ही चौदा-पंधरा वर्षांचे होतो. परंतु त्या केंद्रांवरून आधी येई ते दिल्लीचे. 'हम लोग' आले, 'ये जो है ज़िंदगी' आले. आम्ही हसलो, पोट धरून हसलो. ज्या शफी इनामदारांवर आम्ही हसत होतो, ते कोकणातल्या दापोलीचे, हे आम्हांस फार उशिरा कळले. तात्पर्य हे, की मुंबई केंद्राने मराठीत पहिल्यांदा जे हसू निर्माण केले, ते मराठवाड्याला त्या वेळी मिळाले नाही. रस्ते, पाणी आणि कारखाने यांच्या अनुशेषाविषयी आपण बोलतो. हसण्याचाही एक अनुशेष असतो.

आम्हांस चिमणराव भेटला तो पुस्तकात. शाळा लवकर सुटली होती, वाचनाचे वेड सुटले नव्हते. रद्दीच्या दुकानात वजनावर घेतलेल्या गठ्ठ्यात पुठ्ठा फाटलेले एक पुस्तक निघाले. रात्रपाळीहून आल्यावर आम्ही ते वाचले आणि घरचे जागे होतील एवढ्या मोठ्याने हसलो. आणि तरीही, बंधूंनो, खरे सांगावयाचे तर आम्ही त्या माणसाचा मनात तिरस्कार केला. आम्ही तरुण होतो, लाल झेंडा हाती घेतला होता. आम्ही म्हणालो, हा कारकून पाहा! साहेबापुढे वाकतो आणि घरी येऊन त्याचाच विनोद करतो. असल्या माणसांमुळे संघटना होत नाही. जेथे भीती आहे तेथे लढा नाही, आणि जेथे हसणे आहे तेथे गांभीर्य नाही, असे आमचे तेव्हाचे तत्त्वज्ञान होते. त्याची किंमत आम्ही पुढे मोजली.

आपल्या गावात भंगार वितळवून आणि तापवून सळ्या ओढण्याचे कारखाने आहेत. पंचवीसेक वर्षांपूर्वी त्यांतल्या एका कारखान्याबाहेर, पाळी बदलण्याच्या वेळी, आम्ही द्वारसभा घेत होतो. माणसे बिचकत उभी होती. कोण उभे आहे हे मुकादम आतून पाहत होता. त्यांच्यात भोकरदनकडचा एक कामगार होता. सांडशीने लाल सळई धरण्याचे त्याचे काम. आम्ही बोलावयास उभे राहण्याआधी तो पुढे आला आणि त्याने मुकादमाची नक्कल सुरू केली. मुकादम जिभेवर पेन्सिल ओली कसा करतो, हजेरीच्या वहीत नाव शोधण्याचे सोंग कसे करतो, आणि पगार मागितला की "उद्या ये" हे दोनच शब्द किती तऱ्हांनी म्हणतो. माणसे हसू लागली. मागे उभी होती ती पुढे सरकली. आम्ही घड्याळ पाहिले, आणि त्याला थांबविले. "ही सभा आहे, तमाशा नाही," असे आम्ही म्हणालो. तो गप्प झाला. आम्ही चाळीस मिनिटे भाषण केले.

पुढच्या सभेला तो आला नाही. त्याच्यामुळे पुढे सरकलेली माणसेही आली नाहीत. महिनाभराने आम्ही त्याच्या घरी गेलो. तो कामावर होता. त्याच्या पत्नीने चहा दिला आणि ती शांतपणे म्हणाली, "भाऊ, त्यांना भाषण येत नाही. जे येत होतं ते तुम्ही बंद केलं." आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. कायदे वाचले, मार्क्स वाचला, आंबेडकर वाचले. परंतु संघटनेच्या कामातला आमचा सर्वांत मोठा धडा आम्हांस त्या घरात, चहाच्या कपाबरोबर मिळाला.

त्या दिवसापासून आम्ही चिमणराव पुन्हा वाचावयास घेतला आणि तो आम्हांस निराळा दिसू लागला. आम्ही समजत होतो की हा विनोद भित्र्या माणसावर आहे. तो भित्र्या माणसावर नव्हता, त्याच्या बाजूने होता. एकटा मनुष्य भितो तेव्हा त्याला वाटते, की जगात आपणच एक नेभळट आहोत. बाकी सगळे शूर आहेत. ही समजूत मालकाच्या फार उपयोगी पडते. कारण ज्याला आपल्या भीतीची लाज वाटते, तो ती दुसऱ्यापाशी बोलत नाही, आणि जो बोलत नाही तो एकटाच राहतो. दहा माणसे एकाच भीतीवर एकदम हसली, की दहाही जणांना एकाच क्षणी कळते, की अरे, हाही भितो! तो क्षण संघटनेचा पहिला क्षण असतो. वर्गणीची पावती त्यानंतर फाडावयाची असते.

आता एक योगायोग सांगतो. ज्या सुमारास चिमणराव दूरदर्शनवर साहेबापुढे थरथरत होता, त्याच सुमारास, म्हणजे डिसेंबर १९७७ मध्ये, महाराष्ट्रातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला. केंद्राप्रमाणे महागाई भत्ता द्या, ही मागणी. संप ५४ दिवस चालला. हा संप कोणी केला? कारकुनांनी. टोपी सावरीत साहेबाच्या खोलीत जाणाऱ्यांनी, उधारीवर किराणा भरणाऱ्यांनी, घरी मुलीचे लग्न ठरविणाऱ्यांनी. साऱ्या महाराष्ट्रातल्या चिमणरावांनी ५४ दिवस पगारावाचून काढले. केंद्राप्रमाणे भत्ता हे तत्त्व राज्याला पुढे मान्य करावे लागले. मालिकेमुळे संप झाला, असे वेड्यासारखे विधान आम्ही करणार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की भित्रा मनुष्य लढत नाही ही आमची समजूत खोटी होती. लढणारा बहुधा भित्राच असतो. तो आपली भीती दहाजणांत वाटून घेतो, म्हणून ती उचलण्याजोगी होते.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेत दूरचित्रवाणी नवी होती तेव्हा, १९५५-५६ साली, जॅकी ग्लीसन नावाच्या नटाची 'द हनीमूनर्स' ही मालिका गाजली. तीत तो न्यूयॉर्कच्या बसचा चालक होई. आठवड्याला ६२ डॉलर पगार, उघडीबोडकी एक खोली, टेबल, बर्फाचे कपाट आणि खिडकी. झटपट श्रीमंत होण्याच्या त्याच्या साऱ्या युक्त्या फसत आणि शेवटी तो बायकोपाशी येऊन हार मानी. ग्लीसन स्वतः ब्रुकलिनमधल्या गरिबीत वाढला होता, आणि लहानपणी तो ज्या गल्लीत राहिला तिचेच नाव त्याने त्या चालकाच्या पत्त्यात घातले. मालिकेचे ३९ भाग निघाले. अर्धशतक उलटत आले तेव्हा, २००० साली, न्यूयॉर्कच्या मोठ्या बसस्थानकाबाहेर त्या चालकाच्या वेषातला ग्लीसनचा पुतळा उभा राहिला. राजांचे आणि सेनापतींचे पुतळे आपण पुष्कळ पाहतो. एका काल्पनिक बसचालकाचा पुतळा बसस्थानकाबाहेर असावा, हे आम्हांस फार आवडते. आपल्या एस. टी.च्या चालक-वाहकांनी याचा विचार करावा.

ग्लीसनचे ते भाग टिकले, कारण ते फिल्मवर उतरविले होते. आपल्याकडे, आणि इंग्लंडातही, त्या काळी ध्वनिचित्रफिती महाग म्हणून जुने कार्यक्रम पुसून त्याच फितीवर नवे घेत. बी. बी. सी.ने पीटर कुक आणि डडली मूर या विनोदी जोडीचे पुष्कळसे काम असेच पुसून टाकले. आमच्या दूरदर्शनच्या आरंभीच्या अनेक कार्यक्रमांची हीच गत झाली. नेत्यांची भाषणे जपण्याची काळजी घेतली जाते, परंतु सामान्य माणूस कशावर हसत होता, हे जपावे असे कोणाला वाटत नाही. म्हणून आमच्या कचेरीतल्या त्या हमालाचे हसू आम्हांस मोलाचे वाटले. आम्ही त्याला विचारले, तू पाहिलेस कोठे? तो म्हणाला, त्याचा मामा मुंबईत गिरणीत होता. सुटीत मामा गावी येई आणि रात्री अंगणात गुंड्याभाऊ करून दाखवी. फितीवरचे पुसले गेले असेल. अंगणातले पुसले गेले नाही.

आता प्रभावळकरांच्या पुढल्या प्रवासाकडे वळू, कारण आरंभीच्या या नटाचा प्रभाव केवढा पसरला ते त्यावरून कळते. 'हसवाफसवी' हे नाटक त्यांनी लिहिले आणि त्यात स्वतः सहा भूमिका केल्या. १९९१ साली 'चौकट राजा' या चित्रपटात त्यांनी मतिमंद नंदू उभा केला. विनोदी नटाने हात लावला, आणि तरी त्या मुलावर कोणी हसले नाही. १९९३ साली 'झपाटलेला'तला तात्या विंचू झाला, आणि जालन्याची लहान पोरेसुद्धा त्याला घाबरू लागली. २००१ पासून 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका चालली. तोपर्यंत केबलच्या तारा आमच्या वस्त्यांवरून गेल्या होत्या, आणि चिमणराव ज्यांना मिळाला नव्हता, त्या मराठवाड्याला टिपऱ्यांचे आबा मिळाले. एका मध्यमवर्गीय घरातला म्हातारा, सगळ्यांचे ऐकून घेणारा. त्या घरात कोणी कट रचीत नव्हते, कोणी कोणाच्या दुधात विष घालीत नव्हते. तरीही माणसे आठवडाभर वाट पाहत. आणि मग २००६ साली 'लगे रहो मुन्नाभाई' या चित्रपटात प्रभावळकर महात्मा गांधी झाले. त्या वर्षीचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यांना मिळाला. ज्या नटाने महाराष्ट्राला भित्र्या कारकुनाचा चेहरा दाखविला, त्यानेच निर्भयतेचा उपदेश करणाऱ्या माणसाचा चेहरा दाखविला. आम्ही हे पाहिले तेव्हा आम्हांस ते विसंगत वाटले नाही. भीती जवळून पाहिलेल्या माणसालाच निर्भयता म्हणजे काय ते कळते.

आमच्या मतावर एक आक्षेप येतो, आणि तो आमच्याच सोबत्यांकडून येतो. ते म्हणतात, हसण्याने मनुष्य थंड होतो. दिवसभराचा राग तो रात्री पेटीसमोर हसून टाकतो आणि सकाळी पुन्हा मुकाट कामावर जातो. विनोद म्हणजे प्रेशर कुकरची शिटी. या आक्षेपात तथ्य आहे. आज रोज रात्री जे हसविणे चालते, त्यातले पुष्कळ असेच असते. त्यात जाड माणसावर हसतात, काळ्या रंगावर हसतात, पुरुषाला लुगडे नेसवून हसतात, आणि खेडवळ बोलीवर हसतात. मराठवाड्याच्या माणसाने याकडे विशेष लक्ष द्यावे. मुंबईच्या मालिकेत "कावून" आणि "लै" म्हणणारे पात्र आले, की ते पात्र नोकराचे असणार हे आधीच ओळखता येते. आमच्या बोलीला तेथे झाडू मारण्याचे काम मिळते. ही बोली सन्मानाने रंगमंचावर नेली ती औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या प्रयोगात एकटा मनुष्य पन्नासाहून अधिक पात्रे उभी करी. त्यांतल्या खेडुतांवर आपण हसलो, परंतु नाट्यगृहाबाहेर पडताना आपल्याला आपल्या बोलीची लाज वाटली नाही. उलट ती मोठ्याने बोलावीशी वाटली.

म्हणून आमची कसोटी साधी आहे. हसून झाल्यावर ज्याच्यावर हसलो त्याच्याजवळ जाऊन बसावेसे वाटते, की त्याच्यापासून दूर सरकावेसे वाटते? चिमणरावाजवळ बसावेसे वाटते. म्हणून तो विनोद शिटी नव्हे. तो विनोद माणसे जमवितो. जो दूर सारतो, तो कितीही हसवो, तो मुकादमाचा विनोद. आणि मुकादमाला विनोद येत नाही असे समजू नका. कमजोर माणसाची टर उडवून बाकीच्यांना हसावयास लावणे, ही त्याची जुनी विद्या आहे.

भोकरदनच्या त्या मित्राचे काय झाले, असे आपण विचाराल. वर्षभराने तो परत आला. आम्ही त्याची माफी मागितली, चारचौघांत मागितली. त्याने मुकादमाची नक्कल पुन्हा केली. मग आमच्याकडे पाहिले, चष्मा नाकावर सरकविल्यासारखे केले, आणि आमची केली. चाळीस मिनिटांचे भाषण, मध्येच घड्याळ पाहणे, आणि "सोबत्यांनो, मी थोडक्यात सांगतो" असे म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणे. सगळी सभा हसत होती. आमचे कान तापले होते, परंतु आम्हीही हसलो. त्या दिवशी प्रथमच सभेनंतर माणसे पांगली नाहीत. ती आमच्याभोवती येऊन बसली आणि आपापल्या अडचणी सांगू लागली. त्या अडचणी गेली कित्येक वर्षे त्यांच्यापाशी होत्या. आमच्याकडे त्या आणावयाला ती भीत होती. मुकादमाला भीत होती तशी आम्हांलाही भीत होती, हे त्या दिवसापर्यंत आमच्या ध्यानात आले नव्हते.

चि. विं.नी जो भित्रा कारकून लिहिला, प्रभावळकरांनी जो दाखविला, आणि ज्याच्या पाठीशी बाळ कर्वे सोटा घेऊन उभे राहिले, त्याने आम्हांस एवढे शिकविले. माणसाला शूर हो असे सांगून तो शूर होत नाही. तू भितोस तसा मीही भितो, हे त्याला कोणीतरी आधी सांगावे लागते. हे सांगण्याचे धैर्य विनोदी नटाने आम्हां पुढाऱ्यांच्या कितीतरी आधी दाखविले. गुंड्याभाऊ आता नाहीत. परंतु प्रत्येक कारखान्यात, कचेरीत, मोंढ्यात एखादा नकलाकार असतोच. त्याला गप्प करू नका. त्याच्याभोवती जमा.

आम्ही थोडक्यात बोलू असे चालकांना सांगितले होते, आणि तसे झालेले नाही. भोकरदनचा मित्र समोर बसला आहे आणि घड्याळाकडे पाहण्याची नक्कल करतो आहे. म्हणून येथेच थांबतो.